दत्तकाला दत्तक जाता येत नाही

सावदा, ११ फेब्रुवारी

हितेंद्र,

पत्राच्या वर आशीर्वाद लिहितात. मी ती जागा कोरी ठेवली आहे. द्यायचा की नाही, ते तुझं उत्तर आल्यावर ठरवीन.

फोन का केला नाही असं विचारशील. माझ्या कानांचं तुला माहीत आहे. मोठ्या आवाजावर लावल्याशिवाय मला ऐकू येत नाही, आणि मोठ्या आवाजावर लावला की भिंतीपलीकडे मोतीलालभाऊंच्या घरातला टीव्ही आपोआप बंद होतो. म्हणून कागद. पाकीट भाताच्या शितांनी चिकटवलं आहे आणि जोडावर पेनानं आडवी रेघ ओढली आहे. रेघ तुटलेली दिसली तर कळव. पोस्टमनला मी बघून घेते.

आता मुद्द्याचं. जितेंद्र रविवारी पाइपांसाठी धुळ्याला गेला होता. संध्याकाळी बापाला घेऊन माझ्या ओट्यावर येऊन बसला. मोतीलालभाऊ दारात येतात ते एक तर भांडायला, नाही तर कोणाची तरी बातमी द्यायला, हे मला लग्न होऊन आले तेव्हापासून ठाऊक आहे. चहा घेतला. मग जितेंद्र खाली बघत म्हणाला, "मोठी माय, हितू चर्चमधून निंघताना दिसला. हातात जाड पुस्तक व्हतं. मी विचारलं तं म्हणे, नाताळात बाप्तिस्मा घेतला."

मी म्हटलं, डोळे तपासून घे. पण त्याच्या बापाच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते पाहून बातमी खरी आहे हे मला कळलं.

मला एकेका प्रश्नाचं सरळ उत्तर दे. मुलगी आहे का कोणी? तुझी पस्तिशी आली, आपल्या समाजात मुली मिळत नाहीत, हे मला कळतं. तिकडची पसंत असेल तर तसं सांग. आजारी होतास का, आणि कोणी डोक्यावर हात ठेवून बरं केलं? का दुकान बसलं? पण उन्हाळ्याच्या तोंडावर पंपाच्या जळलेल्या मोटारी भरून देणाऱ्याचं दुकान बसत नाही, तेव्हा तेही पटत नाही. फुकट कोणी कोणाला पाणी पाजत नाही, हितेंद्र. त्यांनी तुला काय दिलं?

नाना श्रावणात गेले, अग्नी तूच दिलास. तेव्हा तुझ्या मनात काय चाललं होतं, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. नवऱ्याच्या चितेपाशी उभ्या राहिलेल्या बाईला असा विचार करायला लावलास.

आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, नानांची पहिली घागर आहे. गेलेल्या माणसाच्या नावानं मुलानं मातीची घागर भरायची, पुजायची, नैवेद्य दाखवायचा, हे तुला सांगायला नको. पण आता तुला काय काय सांगावं लागेल याचा मला अंदाज नाही, म्हणून लिहिते. मोतीलालभाऊ काय म्हणाले ऐक. "वहिनी, पोरगा तं हातचा गेला. घागरीवर जितूले बसवू." एवढ्या सहज, जसा काही बल्ब बदलायचा आहे. आज घागरीवर बसला की उद्या तो बांधावर बसेल, आणि परवा भाऊबंद म्हणतील, रतिलालला मूलबाळ नव्हतंच. माझं तीस वर्षांचं आईपण त्या एका पाटावर पुसलं जाईल, आणि मी कोपऱ्यात बसून बघायचं.

तुला मी कसा वाढवला हे गल्ली सांगेल. बाकीच्यांची पोरं फडताळं फोडायची, तू समोर सांजोऱ्यांचा डबा उघडा असला तरी विचारायचास, "अक्का, घेऊ का?" एवढासा होतास तेव्हापासून. पाहुण्या बाया बोटं तोंडात घालायच्या. असं शिस्तीचं पोर कोणाच्या नादी लागतं, याचं मला नवल वाटतं.

आणि शेवटचं. पाच वर्षांचा होतास तेव्हा नानांनी तुला मांडीवर घेतलं. होम झाला, भटजी होते, पंच होते. दत्तकाला पुन्हा दत्तक जाता येत नाही, हे शास्त्र आहे. तुझ्या नव्या माणसांना माहीत नसेल तर त्यांना सांग.

पुष्पाबाई रतिलाल

सावदा, २ मार्च

हितेंद्र,

पत्र मिळालं. रेघ शाबूत होती म्हणतोस. बरं.

मुलगी नाही, आजार नाही, दुकान जोरात आहे. मी कारणं दिली, ती सगळी तू खोडलीस, आणि त्यांच्या जागी काय लिहिलंस? "देवानं मला दत्तक घेतलं आहे, अक्का. आणि दत्तक घेतलेला सावत्र नसतो, पुरता मुलगा असतो, हे मला तिथे कळलं."

तिथे कळलं! इथे काय तुला सावत्र म्हणून दारात जेवायला वाढत होते? नाना बागेत तुला खांद्यावर घेऊन फिरायचे. कोणी खवचटपणे विचारलं, "दत्तक ना हा?" तर टिशू कल्चरच्या केळीच्या रोपांकडे बोट दाखवायचे. म्हणायचे, ही ट्रेमधून आली, कोणाच्या बुडातून निघाली माहीत नाही, पण घड कापताना कोणी विचारतं का? हे तू विसरलास आणि धुळ्याच्या माणसाचं लक्षात ठेवलंस.

आणि मला एक सांग. माझी कूस उजवली नाही, म्हणून आम्ही दत्तक घेतलं. तुमच्या देवाला काय कमी होतं? एवढं जग ज्यानं केलं, त्याला मोटारी भरणारं पोरगं कशाला लागतं? गरज नसताना जो माणूस काही घेतो त्याच्यावर माझा विश्वास बसत नाही. भाव पडलेला असतानाही माल मागणारा व्यापारी आला की नाना त्याला दोनदा पाणी द्यायचे आणि माल एकदाही द्यायचे नाहीत.

पण खरं बोचलं ते पुढचं वाक्य. "अक्का, तुमच्या घरी मी रोज परीक्षेला बसलो. तिथे पहिल्यांदा कोणीतरी सांगितलं की निकाल लागून गेला आहे."

"तुमच्या घरी." आपल्या नाही. ते पत्र मी पिठाच्या डब्याखाली ठेवलं होतं, पुन्हा काढून वाचलं, शब्द तेच होते.

कोणती परीक्षा रे? मी तुला भागाबाईकडे वाटी घेऊन पाठवायचे, ती? जन्म देणारी तुझी भिंतीपलीकडेच, मोतीलालभाऊंच्या घरात राहत होती. तू तिकडे गेलास की मी दारात उभी राहायचे, तू किती वेळात परततोस ते बघायचे. बघू नये का? उसाच्या फडाजवळ घर असलेला माणूस कोल्ह्याकडे बघतो ना? तिला काकू म्हण असं मी कधी सांगितलं नाही, तू आपणहून म्हणायला लागलास. बरं, एकदा सांगितलं असेल. तू तापात होतास आणि "माय" म्हणून हाक मारलीस, मी धावत आले, तर तू माझ्याकडे बघून म्हणालास, "तुम्ही नाही." त्यानंतर सांगितलं. कोणतीही बाई सांगेल.

मी तुझ्याशी चार दिवस बोलले नव्हते असं तू लिहितोस. मला तसं आठवत नाही.

फडताळाला कुलूप होतं, हेही लिहिलंस. कुलूप मुंग्यांसाठी होतं.

बागेभोवती नाना शेवरीचं कुंपण लावायचे ते बाग आवडत नाही म्हणून नाही. उन्हाळी वारा लागला की केळीची पानं फाटतात. ज्याला जपायचं त्याच्याभोवती कुंपण घालावं लागतं, आणि जे दुसऱ्याच्या वाफ्यातून उपटून आणलेलं असतं त्याच्याभोवती जास्तच. हे तुला तुझं पोर झाल्यावर कळेल, लग्न झालं तर.

आखाजीचं तू काहीच लिहिलं नाहीस. ती जागा तू सोडून दिलीस, जशी मी वरची सोडली आहे. मला वाचता येतं, हितेंद्र, कोरं असलं तरी.

पुष्पाबाई

सावदा, १७ मार्च

हितेंद्र,

मी काल धुळ्याला येऊन गेले. दचकू नकोस.

बेबाबाईला सोबत नेलं. धुण्याभांड्याला आली की ती सगळ्या गल्लीच्या बातम्या आणते, पण माझी एकही बाहेर नेत नाही, म्हणून तिच्यावर जरा विश्वास आहे. गल्लीत सांगितलं की तिच्या भाचीचा साखरपुडा आहे. भुसावळला गाडी बदलली, जळगावला बदलली. धुळवडीचा रंग अजून लोकांच्या कानामागे होता. धुळ्यात देवपूरला उतरून तुझ्या चर्चचा पत्ता विचारला. वाटलं होतं, मोठी घंटा असेल, दगडी इमारत असेल, परदेशी माणूस असेल. बघते तर पत्र्याची शेड, खाली सतरंजी, आणि भिंतीवरच्या पंख्यांपैकी एक बंद. तू इलेक्ट्रिकची कामं करतोस ना? मग तो पंखा बंद का?

चपला बाहेर काढायला लावल्या, तेवढं बरं वाटलं. मी पदर पुढे ओढून बायांच्या शेवटच्या ओळीत बसले. लगेच एक म्हातारी सरकत आली. मला वाटलं, आता गळाला लावणार. म्हणाली, "कथाईन उनात, माय?" मी खोटंच वरणगाव सांगितलं. तिनं विचारलं, "कोना घरना?" मी म्हटलं, कोणाच्या नाही. तर हसून म्हणते, "आठे बठ्ठा त्याना लेकरे शेतस. बसा." इथे सगळी देवाचीच लेकरं, असं. आणि आपली उशी माझ्या पाठीला दिली. तेवढ्यावरून मी बेबाबाईला सांगितलं, पिशवी घट्ट धर. पण कोणी पिशवीकडे पाहिलं नाही, दानपेटी पुढे केली नाही, नावही लिहून घेतलं नाही. याचा मला जास्त संशय आला.

तू पुढे ढोलकी घेऊन बसला होतास. तुला ढोलकी येते हे मला माहीत नव्हतं. कधी शिकलास?

गाणी झाली. देवाला तुम्ही आब्बा म्हणता, बाप या अर्थानं. आमच्या गल्लीत दर तिसरा म्हातारा आबा आहे, आणि त्यातला एकही देवासारखा वागत नाही. असो. मग तुमचे ते पाळक माइक घेऊन उठले, म्हणून मला सगळं ऐकू आलं. शाळामास्तरासारखे, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली. ते म्हणाले, गड्याला रोज वाटतं, आज मालक ठेवील की काढील. म्हणून गडी सारखा मालकाच्या तोंडाकडे बघतो. लेकरू तसं बघत नाही. लेकरू मार खातं, रुसतं, भांडतं, पण भूक लागली की सरळ चुलीपाशी येतं. तुम्हाला त्यानं गडी म्हणून ठेवलेलं नाही, लेकरू म्हणून घेतलं आहे, तेव्हा सारखं त्याच्या तोंडाकडे बघणं सोडा.

तू मान हलवत होतास. मी तुझ्या मानेकडे बघत होते. हे त्या माणसानं माझ्यावरून तर रचलं नाही ना? तू तिथे घरातलं काय काय सांगून ठेवलं आहेस? कुलपाचं सांगितलंस का?

मग चहा आला, ताटात बिस्किटं आली. मी घेतलं नाही. बेबाबाईनं घेतलं, ती कोणाकडेही घेते. ताट तुझ्यापाशी आलं. तू बोलत होतास कोणाशी तरी, एक उचललंस. ताट पुढे गेलं. आणि तू बोलता बोलताच हात लांब केलास, समोरच्या माणसाच्या खांद्यावरून, आणि त्याच्या ताटातली आणखी दोन उचललीस. विचारलं नाहीस. पाहिलंही नाहीस त्याच्याकडे. त्यानंही पाहिलं नाही.

मी तेव्हाच उठले. बेबाबाई म्हणत होती, "भाऊले भेटत नाही का व माय?" मी म्हटलं, गाडी चुकेल. गाडीला वेळ होता.

मला तुझ्या देवाचा एवढा राग आला नाही. त्या बिस्किटांचा आला. माझ्या घरी इतकी वर्षं तुला शिस्त होती, शिस्त, असं मी सगळ्यांना सांगत आले. मग तिथे ती शिस्त कुठे गेली? की ती शिस्त नव्हतीच?

याचं उत्तर पाठवायची गरज नाही. आखाजीचं मात्र कळव. मोतीलालभाऊ कुंभाराकडे घागर सांगून आले आहेत, मला न विचारता. त्यांना कोणत्याच गोष्टीला विचारावं लागत नाही.

पुष्पाबाई

सावदा, ९ एप्रिल

हितेंद्र,

तू मला ओळखलं होतंस म्हणे, खोकल्यावरून. मग उठून आला का नाहीस? तर लिहितोस, "अक्का लपायला आल्या होत्या, म्हणून लपू दिलं." तुझ्या या असल्या समजूतदारपणानं मला आयुष्यभर वैताग दिला आहे. एकदा तरी येऊन माझा पदर ओढायचास.

देवाला काय कमी होतं, या माझ्या प्रश्नाचंही तू उत्तर दिलंस. "काहीच कमी नव्हतं, तरी घेतलं, म्हणून तर भीती गेली. ज्याला गरजेपोटी घेतलं त्याला सारखं वाटतं, गरज संपली तर?" हे मी पुष्कळदा वाचलं. मग तुला बोल लावणारं लांबलचक उत्तर लिहिलं, आणि फाडलं. तू आम्हाला गरजेपोटीच हवा होतास, हितेंद्र. हे मी नाकारणार नाही. पण गरज होती म्हणून माया नव्हती, असा हिशेब तू कुठे शिकलास? तहान लागल्यावर पाणी पिणाऱ्याला पाणी आवडत नाही का?

आता खरी बातमी. मोतीलालभाऊ मला घेऊन रावेरला वकिलाकडे गेले. म्हणाले, वहिनी, आधी बघून घेऊ, उगाच पुढे भांडण नको. माणूस भांडण नको म्हणतो तेव्हा भांडण ठरलेलं असतं. पण मी गेले, कारण मलाही ऐकायचं होतं. तू पुन्हा मांडी बदललीस, तेव्हा आमची मांडी मोकळी झाली की नाही, हे मला कोणीतरी शहाण्या माणसानं सांगायला हवं होतं.

मोतीलालभाऊंनी विचारलं, "वकीलसाहेब, पोऱ्यानं धरम बदलला. आता ते दत्तक मोडलं ना?"

वकील म्हणाले, "दत्तक रीतसर झालं होतं?"

"झालं व्हतं. मीच दिला."

"मग नाही मोडत."

"मी परत मागतला तरी?"

"दिलं ते दिलं, भाऊ."

मग मी विचारलं. मी म्हटलं, आणि मीच नको म्हटलं तर? मोतीलालभाऊ माझ्याकडे बघायलाच लागले. वकील म्हणाले, "तुम्हालाही मोडता येत नाही, अक्का. एकदा घेतला की घेतला."

मी म्हटलं, आणि त्यालाच नको असेल तर? तोच सोडून गेला तर?

"जाईल कुठे? तो नाही म्हणाला तरी मुलगा तुमचाच. त्यालाही ते सोडता येत नाही."

"देव बदलला तरी?"

"तरी. जमिनीचे, वारसाचे कायदे वेगळे असतात, ते पुढचं पुढे. मी नात्याचं बोलतोय. ते आहे तिथेच राहतं."

मी पुन्हा विचारलं, उलटंसुलटं करून. चौथ्यांदा विचारल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला. मला वाटलं, याला कोणी फितवलं असेल. मग लक्षात आलं, या वकिलाकडे मला घेऊन आले होते मोतीलालभाऊच, तेव्हा फितवायचंच असतं तर ते उलट्या बाजूनं फितवलं असतं.

येताना गाडीत मोतीलालभाऊ पुढच्या सीटवर जाऊन बसले. मी खिडकीतून केळीच्या बागा बघत होते आणि मला इतका संताप आला होता की सांगता सोय नाही. त्यांच्यावर नाही. हे मला इतक्या वर्षांत कोणी सांगितलं का नाही? नाना कोर्टकचेऱ्या कळणारा माणूस, त्यांना ठाऊक असणार. भटजीला ठाऊक असणार. एकानंही म्हटलं नाही की बाई, हे तुटत नाही, तू निवांत बस. मग मी दारात उभी राहून बघत होते ते काय? कोणापासून राखत होते?

घरी आल्यावर फडताळाची किल्ली शोधत बसले. सगळं घर पालथं घातलं. बेबाबाईवर ओरडले. किल्ली माझ्याच कमरेला होती. काखेत कळसा म्हणतात तसं.

आखाजीबद्दल तू लिहिलंस ते वाचलं. तू घागर पुजणार नाहीस, नैवेद्य ठेवणार नाहीस, पण शेतातल्या विहिरीचं पाणी आणून देशील, दिवसभर घरात राहशील, आणि नानांच्या नावानं चार माणसांना जेवू घालशील. मी हे कोणालाही विचारलेलं नाही. भटजीला विचारलं तर तो नाही म्हणेल, आणि तुझ्या पाळकांना विचारलं तर तेही कदाचित नाहीच म्हणतील. दोघांनाही विचारायचं नाही असं मी ठरवलं आहे. तू ये. बाकीचं मी बघते.

येताना पंपाकडे बघायची हत्यारं आण. मोटार पाणी उचलत नाही. गल्लीला सांगायला कारणही होईल.

अक्का

सावदा, ४ मे

चि. हितेंद्र यास अनेक उत्तम आशीर्वाद.

मोटार चांगली चालते आहे. पहिल्या पाण्याला बागेतली पानं सावरली.

तू गेलास त्यानंतरचं सांगायचं आहे, पण आधी आखाजीचं. तू तिथे होतास, पण खाली मान घालून उभा होतास, आणि माझ्या आवाजाचा मला भरवसा नाही; बहिऱ्या माणसाला आपण किती मोठ्यानं बोललो ते कळत नाही. म्हणून लिहून ठेवते.

तू घागर आणून ठेवलीस आणि बाजूला झालास. जितेंद्र सोवळं नेसून तयारच होता. मोतीलालभाऊ सगळ्या भाऊबंदांसमोर म्हणाले, "त्यानं देव बदलला, बाप बदलला. तो आपला राह्यला कुठी? चल जितू, बस." जितेंद्र पाटावर बसायला वाकला. त्याचा दोष नाही, त्याला ऊठ म्हटलं की तो उठतो आणि बस म्हटलं की बसतो.

तेव्हा मी स्वयंपाकघरातून आले. मला तुझ्या दत्तकाचा दिवस आठवत होता. होमाच्या धुरात तू नानांच्या मांडीवर झोपून गेलास. भटजींनी मोतीलालभाऊंना विचारलं, दिला का? ते म्हणाले, दिला. नानांना विचारलं. ते म्हणाले, घेतला. मग वाकून नानांनी तुझं डोकं हुंगलं. भागाबाई रडत होती. मी दारामागे उभी होते, आणि मला कोणी काही विचारलं नाही. सगळ्यांना वाटलं, नवऱ्यानं घेतला म्हणजे बाईनं घेतलाच. तुलाही तेव्हापासून कोणी सांगितलं नसेल.

म्हणून मी म्हटलं, "मोतीलालभाऊ, तेव्हा मले कोणी विचारलं नव्हतं. आता सांगते. घेतला."

मग मी जितेंद्रला उठवलं आणि पाटावर बसले. मोतीलालभाऊ म्हणाले, "बाईमाणसानं घागर पुजायची का?" मी म्हटलं, "पाणी माह्या पोरानं आणलं, गंध मी लावते. प्यायचं की नाही ते नाना बघतील." भागाबाई दारात उभी होती. तिनं पुढे येऊन माझ्या हातात फुलं दिली. मला तिचा अजूनही पुरता भरवसा नाही, पण फुलं घेतली.

तू कोपऱ्यात डोळे मिटून उभा होतास. तुझे ओठ हलत होते. तू तुझ्या आब्बाला काय सांगितलंस ते विचारणार नाही. मधे नानांचं नाव होतं. मला ऐकू येत नाही, म्हणून मी ओठ वाचायला शिकले आहे.

तुझा देव मला पटलेला नाही. ज्याला काही नको आणि तरी जो घेतो, त्याच्याकडे मी अजून जरा तिरकंच बघते. पण वकिलाचं आणि तुझ्या त्या दोऱ्याच्या चष्म्याचं बोलणं एकच निघालं, हे माझ्या मनातून जात नाही. दोघं एकमेकांना ओळखत तर नाहीत ना?

आता जे सांगायला बसले ते. तू सकाळी निघालास. दुपारी मी फडताळ उघडलं, तर सांजोऱ्यांचा डबा हलका लागला. फडताळाला कुलूप नव्हतं, गंजलं म्हणून मी रावेरहून आल्यापासून काढून ठेवलं आहे. डबा उघडून बघितला. गच्च भरलेला डबा पार अर्ध्यावर आला होता. पहिला संशय जितेंद्रवर, पण तो आखाजीपासून आमच्या ओट्याकडे फिरकलेला नाही. मग मांजर, पण मांजर झाकण लावून जात नाही. उरली बेबाबाई. मी तिला समोर उभी केली. म्हटलं, खरं सांग, मागितल्या असत्या तर दिल्या असत्या, चोरल्या कशाला?

तिनं कपाळावर हात मारला. "मी कायले घेऊ व माय? भाऊनं नेल्या. धोतराच्या जुन्या फडक्यात बांधल्या, अन् एक तं फटफटीवर बसूनच खात व्हते. मी म्हटलं, अक्काले विचारलं का? तं नुसते हसले, अन् गेले."

मी तिला म्हटलं, पुन्हा सांग. तिनं पुन्हा सांगितलं. मी म्हटलं, नक्की विचारलं नाही ना? ती म्हणाली, नाही ना व माय, एक शब्द नाही.

हितेंद्र, मी तिथेच खाली बसले. बेबाबाई घाबरली, पाणी आणायला धावली. मला हसू येत होतं की रडू, ते तिला कळलं नाही, मलाही कळलं नाही. इतकी वर्षं ज्याची वाट बघितली, ते पोर माझ्या घरात चोरी करून गेलं, आणि मी ओट्यावर बसून तुला हात हलवत होते, मला पत्ताही नाही.

संध्याकाळी रवा भिजवला. पुन्हा सांजोऱ्या तळल्या. डबा भरून फडताळात खालच्या कप्प्यात ठेवला आहे, तुझा हात पोचेल असा. पुढच्या वेळी आलास आणि विचारलंस, तर चुलीतलं लाकूड घेऊन मागे लागेन.

अक्का